पातळ, लवचिक पीझोइलेक्ट्रिक फिल्मपासून स्पीकर कसा घडवावा

नेहमीच्या स्पीकरमध्ये चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी शंकू असतो, आणि विजेचे आवाजात रूपांतर करण्याचे काम या तिघांत वाटलेले असते. पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे विजेने आकार बदलणाऱ्या आणि ताणल्यावर वीज देणाऱ्या, पॉलिमरच्या फिल्मपासून घडवलेल्या स्पीकरमध्ये हे सगळे काम एकच पापुद्रा करतो. विद्युतदाब दिला की तो स्वतःच लांबतो व आखडतो, आणि हवाही स्वतःच हलवतो. जाडी कागदाहून कमी, वजन नगण्य, चुंबक मुळीच नाही आणि हवे तसे वाकवता येणारे अंग, या गुणांमुळे अशा स्पीकरकडे अनेकांचे लक्ष वेधले जाते. परंतु फिल्म आणली, तिला दोन तारा जोडल्या आणि ती चौकटीत सपाट ताणून बसवली, तर तिच्यातून क्षीण, किरकिरा आवाज निघतो, आणि पुष्कळ प्रयोग तिथेच थांबतात. अशा वेळी उणीव बहुधा फिल्मची नसते, तिला दिलेल्या आकाराची असते. म्हणून पुढील विवेचनात फिल्मला बाक कसा आणि किती द्यावा या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. इलेक्ट्रोड (फिल्मला वीज पोहोचवणारे वाहक थर), चौकट आणि ॲम्प्लिफायर यांचे निर्णय त्या एका निर्णयाच्या मागोमाग येतात.

फिल्मच्या आत काय घडते

या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा पॉलिमर म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड. पुढे त्याला पीव्हीडीएफ म्हणू. त्यातील प्रबळ पीझोइलेक्ट्रिक गुण १९६९ मध्ये जपानी संशोधक हेइजी कावाई यांनी दाखवून दिला, आणि त्यानंतरच्या दशकातच पायोनियर या जपानी कंपनीने या फिल्मवर चालणारे हेडफोन बाजारात आणले. त्याच्या रेणुसाखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन आणि पुढच्या कार्बनवर दोन फ्लोरीन अशी रचना पुन्हा पुन्हा येते. फ्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, त्यामुळे साखळीच्या प्रत्येक घटकाला विद्युत ध्रुवता येते. मात्र वितळवून थंड केलेल्या साध्या पीव्हीडीएफमध्ये साखळ्या अशा वळणांनी रचल्या जातात की शेजारच्या ध्रुवता एकमेकींना रद्द करतात. फिल्म साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणली की साखळ्या सरळ होतात आणि ‘बीटा’ नावाचे स्फटिकरूप तयार होते. त्यानंतर दर मायक्रोमीटर जाडीला ५० ते १०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक इतके तीव्र विद्युत्क्षेत्र लावून सर्व ध्रुवता एका दिशेला वळवल्या जातात. ताणणे आणि ध्रुवीकरण या दोन्ही प्रक्रिया झालेली फिल्मच स्पीकरसाठी उपयोगाची असते. पॅकिंगसाठी किंवा गाळणीसाठी मिळणारा साधा पीव्हीडीएफ घेऊन काहीही साधत नाही.

अशा फिल्मला जाडीच्या दिशेने विद्युतदाब दिला की दोन बदल होतात. एक बदल जाडीत होतो आणि दुसरा लांबीत. जाडीतील बदलाचा गुणांक सुमारे ३३ पिकोमीटर प्रतिव्होल्ट असतो, तर ताणलेल्या दिशेतील लांबीच्या बदलाचा गुणांक सुमारे २३ असतो. आकडे पाहून जाडीचा बदल मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात चित्र उलट आहे. २८ मायक्रोमीटर जाडीच्या फिल्मला ५० व्होल्ट दिले तर जाडी अवघी १.६५ नॅनोमीटरने बदलते. त्याच वेळी विद्युत्क्षेत्र दर मीटरला सुमारे १८ लाख व्होल्ट असल्याने लांबीतील सापेक्ष बदल दर दहा लाखांत ४१ भाग इतका होतो, म्हणजे २०० मिलिमीटर लांबीत सुमारे ८ मायक्रोमीटर. ऐकू येण्याजोगा आवाज काढायचा तर या दुसऱ्या हालचालीलाच हाताशी धरावे लागते.

अडचण अशी की ही हालचाल फिल्मच्या पृष्ठभागाच्या प्रतलातच होते आणि हवेला ढकलण्यासाठी पृष्ठभागाला लंब दिशेची हालचाल हवी असते. सपाट ताणलेल्या फिल्ममध्ये लांबी बदलली की फक्त ताण कमी-जास्त होतो. पृष्ठभाग पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही. चौकटीत कुठे किंचित झोळ राहिला असेल, तर तेवढाच भाग हलतो, आणि एक झोळ पुढे व शेजारचा मागे असला तर त्यांचे आवाज एकमेकांना मारतात. सपाट फिल्मचा किरकिरा आवाज येतो तो इथून. तीच फिल्म कमानीसारखी वाकवून तिच्या दोन सरळ कडा पक्क्या धरल्या, तर लांबी वाढताच सगळी कमान एकदिलाने बाहेर फुगते आणि लांबी घटताच आत ओढली जाते.

बाक किती द्यावा

कमानीची सरासरी हालचाल म्हणजे वक्रता त्रिज्या गुणिले लांबीतील सापेक्ष बदल, एवढे एकच सूत्र आरंभी पुरेसे आहे. वरील फिल्मला १०० मिलिमीटर त्रिज्येचा बाक दिला तर ५० व्होल्टला सरासरी हालचाल ४.१ मायक्रोमीटर मिळते. जाडीच्या दिशेतील १.६५ नॅनोमीटरच्या तुलनेत ही सुमारे अडीच हजार पट आहे, आणि ती केवळ आकारातून आलेली आहे. त्रिज्या २०० मिलिमीटर केली तर हालचाल ८.२ मायक्रोमीटर होते.

मग बाक शक्य तितका उथळ ठेवावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्याला दोन गोष्टी आड येतात. पहिली अनुनादाची, म्हणजे आपल्या नैसर्गिक वारंवारतेला वस्तू सर्वांत जोरात कंप पावते त्या गुणाची. कमानीच्या फुगण्या-आखडण्याची नैसर्गिक वारंवारता म्हणजे फिल्ममधील ध्वनिवेगाला त्या त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाच्या परिघाने भागून येणारी संख्या. पीव्हीडीएफचा यंग गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) सुमारे ३ गिगापास्कल आणि घनता दर घनमीटरला १७८० किलोग्रॅम धरली तर हा वेग सेकंदाला सुमारे १३०० मीटर येतो. त्यामुळे १०० मिलिमीटर त्रिज्येला अनुनाद २०६० हर्ट्झच्या आसपास आणि २०० मिलिमीटरला १०३० हर्ट्झच्या आसपास पडतो. इलेक्ट्रोडचे आणि सोबत हलणाऱ्या हवेचे वजन मिळवले की तो आणखी खाली येतो. अनुनादाच्या खाली फिल्मचा ताठपणा हालचाल ठरवतो, आणि तिथे वारंवारता निम्मी झाली की आवाज १२ डेसिबलने घटतो; अनुनादाच्या वर वस्तुमान हालचाल ठरवते आणि आवाजाची पातळी बरीचशी समतल राहते. म्हणून त्रिज्या निवडणे म्हणजे हा स्पीकर कोणत्या स्वरपट्ट्यात चांगला बोलेल हे निवडणे होय, आणि हा निर्णय कात्री हातात घेण्यापूर्वीच व्हायला हवा.

दुसरी गोष्ट मागच्या हवेची. कमानीची मागची बाजू बंद असेल तर आत कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते. सरासरी २० मिलिमीटर खोलीच्या बंद पोकळीचा ताठपणा दर चौरस मीटरला, दर मीटर हालचालीमागे, सुमारे ७१ लाख न्यूटन भरतो. १०० मिलिमीटर त्रिज्येच्या २८ मायक्रोमीटर फिल्मचा स्वतःचा ताठपणा याच मापात ८४ लाख आहे, म्हणजे जवळपास तेवढाच, त्यामुळे ४.१ मायक्रोमीटरची हालचाल सुमारे २.२ वर येते. त्रिज्या २०० मिलिमीटर केली तर फिल्मचा ताठपणा चौपटीने घटून २१ लाख होतो, हवेची स्प्रिंग तशीच राहते, आणि ८.२ मायक्रोमीटरची हालचाल १.९ वर येऊन ठेपते. म्हणजे उथळ पेटीत बाक अधिक उथळ केल्याने काहीच पदरात पडत नाही. पेटी बंद आणि पातळ ठेवायची असेल तर त्रिज्या लहान ठेवावी. मोठी त्रिज्या हवी असेल तर मागची बाजू उघडी ठेवावी किंवा पोकळी पुरेशी खोल करावी.

जाडी निवडतानाही असाच एक गैरसमज आडवा येतो. पातळ फिल्मला त्याच विद्युतदाबाला अधिक तीव्र क्षेत्र मिळते, त्यामुळे तिचा सापेक्ष बदल वाढतो, हे खरे आहे. पण फिल्मच्या रुंदीमागे निर्माण होणारा ताण हा यंग गुणांक, पीझोइलेक्ट्रिक गुणांक आणि विद्युतदाब यांच्या गुणाकाराइतका असतो, आणि त्यात जाडी कुठेच येत नाही. ५० व्होल्टला तो दर मीटर रुंदीला सुमारे ३.५ न्यूटन भरतो, फिल्म ९ मायक्रोमीटरची असो वा ११० ची. म्हणून हवेच्या स्प्रिंगशी झुंजताना पातळ फिल्म फारशी अधिक जोर लावत नाही. तिचा खरा लाभ अनुनादाच्या वर दिसतो, कारण तिथे हाच जोर कमी वस्तुमानाला हलवतो. त्याबदल्यात तिची धारकता (वीजभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि ॲम्प्लिफायरला अधिक प्रवाह पुरवावा लागतो, शिवाय ती हाताळताना सुरकुत्या चटकन पडतात. बाजारात ९, २८, ५२ आणि ११० मायक्रोमीटरच्या फिल्म सहसा मिळतात. पहिल्या रचनेसाठी २८ ची फिल्म मला सर्वांत योग्य वाटते.

एकाच दिशेने ताणलेल्या फिल्मचा २३ चा गुणांक केवळ ताणाच्या दिशेने असतो. त्याला आडव्या दिशेने तो काही मोजक्या पिकोमीटरवर येतो. म्हणून ताणाची दिशा कमानीच्या वळणाच्या दिशेशी जुळलीच पाहिजे. ती नव्वद अंशांनी चुकली तर बहुतेक सगळा आवाज नाहीसा होतो आणि बाहेरून काहीच चुकलेले दिसत नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात दिशा दिलेली नसेल तर टाकाऊ तुकडा फाडून पाहावा: रेणुसाखळ्यांच्या दिशेने तो सरळ आणि सहज फाटतो, आडव्या दिशेने अडतो. दोन्ही दिशांनी ताणलेली फिल्म किंवा ट्रायफ्लुओरोएथिलीनसह बनवलेला सहपॉलिमर (दोन घटकांच्या मिश्र साखळीचा पॉलिमर) वापरत असल्यास हे बंधन बरेच सैल होते. हा सहपॉलिमर ताणल्याशिवायच योग्य स्फटिकरूपात येतो, त्यामुळे तो द्रावणातून थेट एखाद्या पृष्ठभागावर लेपता येतो. मात्र त्यासाठी लागणारी द्रावके आरोग्याला घातक असतात आणि २८ मायक्रोमीटरच्या थराच्या ध्रुवीकरणाला दोन-तीन हजार व्होल्ट लागतात, तेव्हा हे काम योग्य प्रयोगशाळेबाहेर करू नये. ध्रुवीकरण झालेली तयार फिल्म घेणेच श्रेयस्कर.

आवाज किती मिळेल याचा आधीच अंदाज

समजा सक्रिय भाग २०० गुणिले ३०० मिलिमीटर आहे, २०० ची बाजू वळणाच्या दिशेने आहे आणि त्रिज्या १०० मिलिमीटर आहे. कमानीचा पाया तेव्हा सुमारे १६८ मिलिमीटर आणि उंची सुमारे ४६ मिलिमीटर येते. ही कमान मोठ्या फळीत बसवलेली आहे आणि मागची हवा मोकळी आहे असे धरले, तर ५० व्होल्टला एक मीटर अंतरावर १०० हर्ट्झचा आवाज ५९ डेसिबलच्या आसपास आणि ३०० हर्ट्झचा ७८ च्या आसपास येतो. हा आदर्श हिशेब आहे. कडांची पकड, चिकटवणुकीचा ताठपणा आणि पृष्ठभागावर उठणाऱ्या इतर लहरी यांमुळे प्रत्यक्ष आकडे खालीच राहतात. फळी नसेल तर पुढच्या व मागच्या बाजूंचे विरुद्ध दाब कडेवरून वळून एकमेकांना खोडतात आणि खर्जाचा उरलासुरला भागही जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. या स्पीकरकडून तबल्याच्या बायाचा घुमारा मागू नये. मानवी आवाज, तंतुवाद्ये, सूचना-ध्वनी आणि वरचे स्वर तो उत्तम देतो. साधारण ५०० हर्ट्झच्या खालची जबाबदारी वेगळ्या स्पीकरकडे सोपवावी किंवा ती सोडून द्यावी. खर्ज वाढवण्यासाठी इक्वलायझरने खालच्या वारंवारता उचलल्या तर विद्युतदाब वाढतो, विकृती वाढते आणि कानाला फारसे काही मिळत नाही.

इलेक्ट्रोड, कापणी आणि जोडण्या

फिल्मच्या दोन्ही बाजूंना वाहक थर असावा लागतो. छापलेली चांदीची शाई वाकण्याला उत्तम दाद देते आणि तिचा रोध कमी असतो, पण तिचे दोन्ही बाजूंचे थर मिळून जवळजवळ पातळ फिल्मइतकेच वजन वाढवू शकतात, आणि वस्तुमान दुप्पट झाले की अनुनाद २०६० वरून १४६० हर्ट्झपर्यंत उतरतो. निर्वात कक्षात चढवलेला ॲल्युमिनियम, तांबे-निकेल किंवा सोन्याचा थर जवळपास वजनरहित असतो, परंतु तो वारंवार घडी पडल्यास तडकतो. पारदर्शक स्पीकरसाठी इंडियम टिन ऑक्साइड घेण्याचा मोह आवरावा, कारण तो ठिसूळ आहे आणि एक-दोन टक्के ताणातच त्याला चिरा पडू लागतात. वाकणाऱ्या रचनेत वाहक पॉलिमर किंवा कार्बन नॅनोट्यूबचा थर बरा. मात्र अशा थरांचा रोध चौरसामागे शंभर-दोनशे ओहम असतो आणि फिल्मच्या धारकतेबरोबर मिळून तो काही किलोहर्ट्झच्या वरचे स्वर दूरच्या टोकापर्यंत पोहोचूच देत नाही. त्यावर उपाय म्हणजे चारही कडांनी चांदीची किंवा तांब्याची पट्टी फिरवून प्रवाह सगळीकडून आत सोडणे.

दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड फिल्मच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर आत थांबले पाहिजेत, नाहीतर काठावरून ठिणगी उडते. संपूर्ण पृष्ठावर धातू चढवलेली फिल्म कात्रीने कापली तर कापलेल्या काठावर वरचा व खालचा थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होण्याची दाट शक्यता असते. म्हणून धारदार पात्याने एकाच ओढीत कापावे आणि काठावरचा धातू पुसून काढावा. लेसरने कापू नये. या पॉलिमरमध्ये फ्लोरीन आहे आणि तो जळताना हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत विषारी व दाहक वायू बाहेर पडतो.

तारा जोडण्यासाठी सोल्डर वापरता येत नाही, कारण साधारण ८० अंशांच्या वर फिल्म आखडू लागते आणि तिचे ध्रुवीकरण ओसरते. वाहक इपॉक्सी, वाहक चिकट असलेली तांब्याची पट्टी किंवा दाबून बसवण्याचे रिव्हेट हे पर्याय आहेत. दोन्ही बाजूंच्या जोडण्यांच्या जिभा एकमेकींसमोर येऊ देऊ नयेत. त्या शेजारी-शेजारी सरकवून ठेवल्या म्हणजे त्या भागात विद्युत्क्षेत्र निर्माण होत नाही आणि जोडणी स्वतः थरथरून सैल होत नाही. कागदपत्रांना प्लास्टिक चढवणाऱ्या गरम लॅमिनेशन यंत्रातून फिल्म काढणे हेही याच कारणाने टाळावे. संरक्षक थर थंड दाबाने चिकटणाराच घ्यावा, आणि तो शक्य तितका पातळ असावा, कारण न हलणारा प्रत्येक थर सक्रिय थराला मागे खेचतो. पीव्हीडीएफएवढ्याच ताठ पदार्थाचा तितक्याच जाडीचा थर चिकटवला की लांबीतील बदल निम्मा होतो.

चौकट आणि पाठीचा आधार

कमानीच्या दोन सरळ कडा पक्क्या धराव्यात आणि दोन वक्र कडा मोकळ्या ठेवाव्यात. वक्र कडाही चौकटीला घट्ट चिकटवल्या तर त्यांच्या आसपासचा भाग हलू शकत नाही आणि मधल्या भागातही विचित्र लहरी उठतात. मागची हवा पुढे गळू नये म्हणून तिथे मऊ, बंद छिद्रांच्या फोमची अरुंद पट्टी हलकेच टेकवावी.

फिल्मला नुसती कमान देऊन सोडले तर ती आखडताना ताठ राहते, पण लांबताना सुरकुतते, कारण एवढा पातळ पापुद्रा दाब सहन करू शकत नाही. म्हणून तिला सतत थोडा ताण मिळेल अशी व्यवस्था करावी लागते. यासाठी जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे मागून मऊ पॉलियुरेथेन फोमचा किंवा पॉलिएस्टर तंतूंचा वक्र कापलेला ठोकळा हलक्या दाबाने टेकवणे. हा ठोकळा बाकही राखतो, सुरकुत्याही टाळतो आणि अनुनादाचे टोकही बोथट करतो. दाब किती असावा हे बोटाने तपासता येते: फिल्मवर अलगद टिचकी मारली असता पखवाजाच्या शाईसारखा बंदिस्त ठोका ऐकू यावा, पत्र्यासारखा खणखणाट नको आणि कागदासारखी खसखसही नको. फोम फार ताठ घेतला तर तो हवेच्या स्प्रिंगचेच काम करून हालचाल खाऊन टाकतो.

दोन फिल्म एकमेकींवर चिकटवून जोर दुप्पट करायचा असेल तर त्यांच्या ध्रुवीकरणाची दिशा आधी निश्चित करावी. प्रत्येक तुकडा ऑसिलोस्कोपला जोडून हलकेच ताणावा. विजेचा पहिला झोत वर जातो की खाली, त्यावरून कोणती बाजू धन आहे ते कळते, आणि ती बाजू लगेच खुणेने नोंदवावी. दोन फिल्मच्या समान ध्रुवतेच्या बाजू आतल्या सामाईक इलेक्ट्रोडकडे वळवल्या आणि बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रोड एकत्र जोडले, तर दोन्ही थर एकाच वेळी लांबतात. या मांडणीत बाहेरची दोन्ही पृष्ठे ग्राउंडला जोडता येतात, त्यामुळे स्पर्श सुरक्षित होतो, आणि म्हणून मला ती एकेरी थराहून अधिक पसंत आहे. एका थराची दिशा उलटी झाली तर एक लांबतो आणि दुसरा आखडतो, आणि संपूर्ण पान वाकू लागते. तो एक वेगळा प्रकार आहे आणि त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने हा स्पीकर म्हणजे कपॅसिटर

इथेच सर्वाधिक ॲम्प्लिफायर निकामी होतात, तेव्हा हा भाग सावकाश वाचावा. पीव्हीडीएफची सापेक्ष विद्युत्पारकता सुमारे १२ असते, त्यामुळे आपल्या २०० गुणिले ३०० मिलिमीटरच्या फिल्मची धारकता ०.२३ मायक्रोफॅरड भरते. १ किलोहर्ट्झला ५० व्होल्ट देताना ती सुमारे ७० मिलिॲम्पियर प्रवाह घेते. २० किलोहर्ट्झला तोच प्रवाह १.४ ॲम्पियरवर जातो. यातला बहुतांश प्रवाह परत येणारा असतो. १० किलोहर्ट्झला ५० व्होल्टचा अखंड स्वर वाजवला तरी फिल्ममध्ये उष्णतेच्या रूपाने सुमारे ०.७ वॅटच खर्च होतात. पण ॲम्प्लिफायरला मात्र तो सगळा प्रवाह पुरवावाच लागतो, आणि धारकतेच्या भारामुळे साधे ॲम्प्लिफायर अस्थिर होऊन स्वतःच कंपने काढू लागतात.

साध्या स्पीकर-ॲम्प्लिफायरपुढे विद्युतदाब वाढवणारा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर जोडणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. सार्वजनिक ध्वनिक्षेपण यंत्रणेत वापरतात तो १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडूनही काम भागते. परंतु दाब जितक्या पटीने वाढतो, त्याच्या वर्गाच्या पटीने धारकता ॲम्प्लिफायरच्या बाजूला मोठी दिसते. दहापट वाढवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमागे आपली ०.२३ मायक्रोफॅरड जवळपास २३ मायक्रोफॅरड होते, आणि २० किलोहर्ट्झला ॲम्प्लिफायरसमोर केवळ ०.३५ ओहम उरतात, म्हणजे शॉर्टच. पाचपट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन प्राथमिक बाजूला ४ ओहमचा पुरेशा वॅटचा रोधक मालिकेत जोडला तर भार कधीही ४ ओहमच्या खाली जात नाही आणि सुमारे ७ किलोहर्ट्झच्या वर आवाज हळूहळू उतरू लागतो. वरच्या स्वरांत फिल्मची स्वाभाविक तीक्ष्णता लक्षात घेता हा उतार पुष्कळदा कानाला सुखावतोच. ट्रान्सफॉर्मरचे गळती प्रेरकत्व (दोन वेटोळ्यांच्या अपुऱ्या चुंबकीय जोडणीमुळे उरणारे) आणि फिल्मची धारकता मिळून आणखी एक अनुनाद निर्माण करतात. ५ मिलिहेन्री प्रेरकत्वाला तो ४.७ किलोहर्ट्झला पडतो, बरोबर कानाच्या संवेदनशील पट्ट्यात. मोजणीत तिथे अनपेक्षित टोक दिसले तर दोष फिल्ममध्ये शोधत बसू नये.

पीझोइलेक्ट्रिक भारासाठी बनवलेली विशेष ॲम्प्लिफायर चिप, जिच्यात दाब वाढवणारी व्यवस्था अंगभूत असते, ती लहान आकाराच्या फिल्मला उत्तम. मात्र अशा चिपची प्रवाहाची मर्यादा कमी असते, तेव्हा आधी फिल्मची धारकता मोजून मगच ती निवडावी. नियमित वापरात विद्युत्क्षेत्र दर मायक्रोमीटरला १० व्होल्टच्या आत ठेवावे. त्याच्या पाचपटीच्या आसपास ध्रुवता उलटू लागतात आणि फिल्मचा गुण कायमचा बिघडतो.

सुरक्षिततेबाबत एक बाब सहज नजरेतून सुटते. हा पॉलिमर तापमानातील बदलानेही वीज निर्माण करतो. त्याचा हा गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ३० मायक्रोकुलंब आहे. म्हणजे सुटी ठेवलेली आपली फिल्म उन्हात १० अंशांनी तापली तर तिच्यावर जवळपास ८० व्होल्ट जमू शकतात, आणि ते ॲम्प्लिफायरला जोडताक्षणी त्यात शिरतात. फिल्मच्या दोन टोकांत १ मेगाओहमचा रोधक कायमचा जोडून ठेवावा. त्याने ऐकू येणाऱ्या आवाजावर काही परिणाम होत नाही आणि साठलेला भार सेकंदाच्या आत निघून जातो. एकेरी थराच्या रचनेत श्रोत्याकडचा इलेक्ट्रोड ग्राउंडला जोडावा आणि दुसरा इन्सुलेटरच्या थराखाली झाकावा.

मोजणी

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा धारकता मोजावी. ती हिशेबाशी दहा-पंधरा टक्क्यांच्या आत जुळली नाही तर इलेक्ट्रोडचा काही भाग तुटलेला आहे किंवा जोडणी कच्ची आहे. त्यानंतर ५ व्होल्टसारख्या कमी दाबाला १०० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सरकता स्वर वाजवून मायक्रोफोनने पातळी नोंदवावी. आलेखात अनुनादाच्या खालचा १२ डेसिबलचा उतार दिसला पाहिजे. तो दिसत असेल तर कमान ठरल्याप्रमाणे काम करत आहे. उतार नाही आणि आलेख भरकटलेला आहे, तर बाक एकसारखा नाही किंवा कुठेतरी सुरकुती आहे. तिरप्या प्रकाशात फिल्मकडे पाहिले तर ती सापडते. मग दाब दुप्पट करत जावे आणि दर वेळी आवाज ६ डेसिबलने वाढतो का ते पाहावे. जिथे वाढ थांबते किंवा कडेवर खरखर सुरू होते, तिथे त्या रचनेची मर्यादा समजावी.

खरोखर वाकणारा स्पीकर हवा असेल तर

आतापर्यंत वर्णिलेली कमान पातळ आहे, हलकी आहे, पण तिचा बाक बदलला की तिचा आवाजही बदलतो. गुंडाळता येईल, कपड्यावर किंवा भिंतीवर चिकटवता येईल असा स्पीकर हवा असेल तर बाक संपूर्ण पानाला न देता पानावरच्या असंख्य सूक्ष्म घुमटांना द्यावा लागतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२२ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली. त्यांनी पीईटी या प्लास्टिकच्या पातळ पानाला लेसरने बारीक छिद्रे पाडली, त्याच्या खाली ८ मायक्रोमीटरची पीव्हीडीएफ फिल्म चिकटवली, मग वरून निर्वात आणि खालून ८० अंश सेल्सिअसची उष्णता देऊन प्रत्येक छिद्रातून फिल्मचा सुमारे १५ मायक्रोमीटर उंचीचा घुमट उठवला. छिद्रे असलेले पान घुमटांभोवती कुंपणासारखे राहते, त्यामुळे पान पृष्ठभागाला चिकटवले किंवा हाताळले तरी घुमट दबत नाहीत. या स्पीकरने २५ व्होल्टला, ३० सेंटिमीटर अंतरावर, १ किलोहर्ट्झला ६६ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला ८६ डेसिबल आवाज दिला. इथेही खालच्या स्वरांकडे जाताना उतार आहेच; फक्त घुमट इतके लहान आहेत की त्यांचा अनुनाद फार वर जातो आणि संपूर्ण श्राव्य पट्टा उतारावरच राहतो. त्यामुळे या रचनेत आवाज वाढवायचा तो क्षेत्रफळ वाढवून.

हाच प्रयोग लहान प्रमाणावर करायचा असल्यास छिद्रे लेसरने केवळ पीईटीच्या पानात, फिल्म चिकटवण्यापूर्वी, पाडावीत आणि उष्णता ८० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. घुमटांची उंची सर्वत्र सारखी आली आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे, कारण उंचीतील फरकाने शेजारचे घुमट वेगवेगळ्या पातळीने हलतात. पानाखालचा पृष्ठभाग घुमटांना चिकटणार नाही यासाठी खालच्या बाजूलाही छिद्रांचे एक पान लावावे.

ज्यांना एवढी उपकरणे उपलब्ध नाहीत त्यांच्यासाठी वर उल्लेखलेला उलट्या ध्रुवतेचा दुहेरी थर हा दुसरा पर्याय आहे. त्यात पान स्वतःच वाकते आणि सरळ होते, त्यामुळे आधी बाक देण्याची गरज राहत नाही. एक कड धरून बाकीचे पान मोकळे सोडले तरी आवाज निघतो. मात्र त्याचे अनुनाद अनेक आणि जवळजवळ असतात, आलेख खडबडीत येतो, आणि संगीतापेक्षा सूचना-ध्वनीसाठी तो अधिक शोभतो. संगीतच ऐकायचे असेल आणि पान प्रत्यक्षात एकदाच वाकवून एका जागी बसवायचे असेल, तर साधी एकेरी कमान, १०० मिलिमीटरच्या आसपासची त्रिज्या, मागे मऊ फोम आणि ५०० हर्ट्झच्या खाली सोबतीला छोटा खर्ज-स्पीकर ही जोडणी निवडावी, आणि कमानीचा साचा लाकडात किंवा त्रिमितीय छपाईतून आधीच पक्का करून ठेवावा, म्हणजे फोम बदलताना किंवा नवी फिल्म चढवताना त्रिज्या तीच राहील.